आतल्या आवारातले तीन दगड

१४ जून, मंगळवार

तोंडी हरकत चालत नाही, लेखी द्या आणि तारखांसह द्या, असं हेन्तोनाने आज मला कचेरीत सांगितलं, म्हणून ही वही. रागात माणूस तारखा विसरतो. मला विसरायचं नाही.

हेन्तोना आमच्या नगर कार्यालयातल्या वारसा विभागाचा प्रमुख आहे. वय चोपन्न, टक्कल पडलेलं. सहावीला माझ्या वर्गात होता. अजूनही माझ्यासमोर हात मागे बांधून उभा राहतो आणि अजूनही सांगितलेलं ऐकत नाही.

गावाच्या पश्चिमेला टेकडीवर आमचा इरी गुसुकु आहे. प्रवाळाच्या दगडांचा तट, आत मोठं आवार, त्याच्या आत झाडीने वेढलेलं लहान आवार. नगर कार्यालय तिथे लोखंडी जिना चढवणार आहे आणि लहान आवारात काँक्रीट ओतून समुद्र बघायला चौथरा बांधणार आहे. हेन्तोनाने मला फलकाचा मसुदा दाखवला. ‘इरी किल्ला. येथील सरदार येथून शत्रूच्या जहाजांवर नजर ठेवीत असे.’

“कुठला सरदार?” मी विचारलं.

“नाव अजून ठरायचंय, बाई.”

“ठरायचंय म्हणजे? बारसं आहे का?”

“म्हणजे संशोधन चालू आहे.”

“गुसुकु म्हणजे किल्ला नव्हे, हेन्तोना.”

“बाई, पर्यटकाला किल्ला कळतो. गुसुकु म्हटलं की तो विचारतो, तळून खायचा की उकडून?”

टेबलामागचे दोघे हसले. मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा थांबले.

जपानच्या मुख्य भूमीवरून मोरिवाकी नावाचा उत्खननवाला आणला होता. त्याच्या अहवालात एक ओळ आहे: ‘आतील आवारात पूजास्थानाची कोणतीही खूण आढळली नाही.’ सगळं या एका ओळीवर उभं आहे. पूजास्थान ठरलं असतं तर नियमाने तिथे पहारसुद्धा मारता आली नसती. हरकतीची मुदत २९ ऑगस्ट.

१६ जून, गुरुवार

सुलेखनाचा वर्ग घेतला. ज्या शाळेत मी अडतीस वर्षं शिकवलं ती सहा वर्षांपूर्वी मुलांअभावी बंद झाली, आता तिथे गावाचं सभागृह आहे. फाटक तेच, फाटकाशेजारचा लिलींचा वाफा तोच. आणि वाफ्याशेजारी उकिडवी बसलेली कामादो वहिनीही तीच.

कामादो माझ्या चुलतभावाची बायको, आता विधवा, वय पंच्याऐंशी. दर पंधरा दिवसांनी ती इथे येते. पिशवीतून छोटी बाटली काढते, इवल्याशा कपात तांदळाची दारू ओतते, वाफ्याकडे बघत ओठ हलवते, आवाज काढत नाही. मग तो कप स्वतः पिते आणि निघून जाते. भर सकाळी! मी नोकरीत होते तेव्हाही हेच. दोनदा शिपायाला सांगून तिला उठवलं होतं. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा हजर.

ती का येते ते मला ठाऊक आहे. तिच्या मुलाच्या, सेइतोकुच्या, गळ्यात मी पाटी घातली होती. तेव्हा शाळाशाळांतून तशी पद्धत होती: जो मुलगा बेटाची भाषा बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडी पाटी, आणि दुसरा कोणी बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात. आमची मुलं मुख्य भूमीवर नोकऱ्यांना गेली की त्यांच्या बोलण्याला लोक हसायचे. पाटीने त्यांचं भलंच झालं. सेइतोकु एके दिवशी ती पाटी घालून घरी गेला आणि पाटी हरवली म्हणाला. नवी करायला सुतार मिळाला नाही, मग पद्धत बंद पडली. तो पुढे मुख्य भूमीवर, कावासाकीला कारखान्यात लागला. म्हणजे जपानी कामाला आलीच ना? पण आई अजून माझ्या फाटकात बसून मला दोष देते.

आम्ही बोलत नाही. बोलायचं तर ती बेटाची भाषा बोलणार आणि मी जपानीत उत्तर देणार.

२३ जून, गुरुवार

बेटावरची लढाई संपली तो दिवस. दुपारी बारा वाजता भोंगा झाला, गाव उभं राहिलं, मीही उभी राहिले.

हरकतीचा पहिला भाग आज लिहिला. ‘सुकु’ म्हणजे बंदिस्त जागा, हे बहुतेकांना मान्य आहे. ‘गु’वरून भांडण आहे. कोणी दगड म्हणतं, कोणी आदराचा शब्द म्हणतं. मी कॉलेजात होते तेव्हा यावर पानंच्या पानं छापून येत होती आणि आम्ही खाणावळीत नूडल्स गार होईपर्यंत वाद घालायचो. एक पक्ष म्हणे तटबंदीची वस्ती, दुसरा म्हणे पवित्र जागा, तिसरा म्हणे सरदाराचा गड. प्रत्येकाकडे आपापला पुरावा होता. मी म्हणायचे, जिथे पाणी नाही, धान्य ठेवायला जागा नाही, घोडा वळत नाही, तिथे सरदार काय करत होता? राजे झाले त्याच्या आधीपासून हा शब्द आमच्याकडे आहे. किल्ल्याचं चिनी अक्षर त्यावर मागाहून बसवलं, आणि अक्षर बसलं की लोक शब्दाचं ऐकायचं सोडून अक्षराचं ऐकतात.

जपानी सैन्याने तेच केलं. १९४५ साली त्यांच्या नकाशात इरीवर ते अक्षर होतं. अक्षर किल्ल्याचं, म्हणून त्यांनी तिथे दुर्बीण आणि तोफ नेऊन ठेवली. गावातल्या बायका आधीच मुलं घेऊन वर गेल्या होत्या, कारण त्यांच्या लेखी ती देवाची जागा होती, तिथे कोण मारणार? तोफ दिसल्यावर शत्रूच्या जहाजांवरून मारा सुरू झाला. एकवीस माणसं गेली. माझी आई त्यांत होती. मी एक वर्षाची होते, आत्याच्या पाठीशी बांधलेली.

आणि हेन्तोना मला पर्यटकाला काय कळतं ते सांगतो.

१ जुलै, शुक्रवार

मोरिवाकीला टेकडीवर गाठलं. चाळिशीचा, नम्र, डोक्यावर गवती टोपी. नम्र माणसांवर ओरडता येत नाही याचा जास्त राग येतो.

“आपली हरकत मी आदराने वाचेन,” तो म्हणाला. “पण बाई, बेटावर जिथे पूजा चालते तिथे आतल्या आवारात काहीतरी असतंच. मांडलेले दगड, उदबत्तीचं भांडं, निदान एखादी फुटकी वाटी. इथे बघा.”

मी पाहिलं. माती, पालापाचोळा. मधोमध हातभर काळा डाग.

“ही राख आहे,” मी म्हटलं.

“चार बोटं थर आहे. पहारेकऱ्यांची शेकोटी असावी.”

“पहारेकरी दगडाशिवाय शेकोटी पेटवतात?”

“मलाही तेच कोडं आहे. राख आहे आणि दगड नाहीत. खरं सांगू? इतकं साफ आवार मी आजवर पाहिलेलं नाही. कोणीतरी अगदी शिस्तीत झाडून घेतलंय.”

तो कौतुकाने म्हणाला की कुचकटपणे, ते कळलं नाही. मी छत्री उघडली आणि खाली आले. फाटकाशी कामादो बसलेली होती, कप हातात. आज तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

३ जुलै, रविवार

तारखांसह लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते.

१९६८च्या स्वच्छता सप्ताहात मी सहावीचा वर्ग घेऊन टेकडीवर गेले होते. नोकरीचं दुसरं वर्ष. आतल्या आवारात राखेचा ढीग, अर्धवट जळलेल्या काळ्या चपट्या उदबत्त्या, कप, काजळलेले तीन दगड. मी सगळं साफ करवून घेतलं. कचरा खाली आणला, दगडांची विल्हेवाट लावली. त्या वर्षी जिल्ह्याचा करंडक आमच्या शाळेला मिळाला. तो बंद शाळेतून मी माझ्या घरी आणून ठेवला आहे, नाहीतर भंगारात गेला असता.

आदल्याच वर्षी आत्या वारली होती. ती गावची नोरो, म्हणजे गुसुकुवर पूजा सांगणारी पुजारीण. हे काम आत्याकडून भाचीकडे येतं, आणि भाची मी एकटीच. तेविसाव्या वर्षी, हातात पदवी असताना, पांढरा झगा घालून दगडांशी बोलणं मला जमणार नव्हतं. आत्याचं उदबत्तीचं भांडं मी कामादोच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. ती म्हणाली, “बरं, सांभाळते.” तिने एवढंच म्हटलं.

या सगळ्याचा मोरिवाकीच्या त्या ओळीशी संबंध आहे का, असा प्रश्न मनात आला. आला म्हणून लिहिला. उत्तर असं की जमिनीत मुरलेली राख अजून तिथेच आहे, तेव्हा पुरावाही तिथेच आहे. तो त्याला वाचता येत नाही ही त्याची अडचण.

हरकतीला एक साक्षीदार मात्र हवा. तिथे पूजा होत होती आणि होते, असं सांगणारं जिवंत माणूस. ते एकच आहे.

१५ जुलै, शुक्रवार

पंधरा दिवस झाले म्हणजे आज येणार, या हिशेबाने आठ वाजताच फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती आली. गुडघ्यांवर हात टेकत बसली. मला पाहून चकित झाली नाही.

“आलीस?” तिने बेटाच्या भाषेत विचारलं.

मी कामाचं बोलले. “वहिनी, सहीसाठी आले आहे. गुसुकुवर तुम्ही शेवटची पूजा कधी केली?”

तिने बोटं मोजली. “त्रेचाळीस वर्षं झाली.”

माझा संताप झाला. “म्हणजे तुम्हीच सोडलंत! आत्याने आयुष्य घातलं आणि तुम्ही वर्षभरात सोडून दिलंत! आता मी कशाच्या जोरावर भांडू? तो माणूस म्हणतो तिथे काही नाही, आणि खरंच काही नाही!”

“सोडलं कुठे? मी सोडलं नाही. तू हलवलंस, म्हणून मी पण हलले.”

तिने लिलीची पानं हाताने बाजूला केली. वाफ्याच्या कडेला, विटांच्या रांगेत, तीन दगड. एक चपटा, दोन गोल, कलिंगडाएवढे. मीच मुलांना सांगून लावून घेतले होते, वाफ्याच्या कडेला तीन विटा कमी पडत होत्या म्हणून. दर वसंतात त्यांना चुना लावायला लावायचे.

मग जे बोलले ते मूर्खासारखं.

“मला वाटलं तुम्ही सेइतोकुच्या पाटीसाठी येता.”

“पाटीसाठी?” ती खो खो हसली, तोंडात पुढचे दोनच दात. “अगं, पाटीसाठी त्रेचाळीस वर्षं कोण बसेल? कंबर मोडेल माझी.”

“आणि दारू?”

“देवाला दाखवून झाल्यावर ओतून देऊ होय? चांगली असते.”

“मग सांगितलं का नाहीत? एका शब्दाने सांगायचं! मी शिपाई घातला तुमच्यावर, दोनदा!”

ती कप पुसता पुसता म्हणाली, “तुझ्या शाळेच्या हद्दीत आमची भाषा बोलायला बंदी होती ना? मला दुसरी नीट येत नाही. देवाला दुसरी कळते की नाही, तेही माहीत नाही. म्हणून मी ओठच हलवायची.”

सही तिने केली नाही, कारण तिला लिहिता येत नाही. अंगठा दिला.

१६ जुलै, शनिवार

लिहिण्यासारखं काही नाही. सगळी भांडी तीनदा घासली. करंडक कपाटात मागे सरकवला, मग पुन्हा पुढे आणला.

शिक्षकाने मुलांसमोर चूक केली तर मुलांसमोरच दुरुस्त करावी, असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे. सांगायला काय जातं!

मला तिचाच राग येतो आहे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

१९ जुलै, मंगळवार

कचेरीत जाऊन हेन्तोनाला जबाब वाचून दाखवला. ‘१९६८ साली इरी गुसुकुच्या आतल्या आवारातले पूजेचे तीन दगड मी, गुशिकेन फुमी, माझ्या अधिकारात काढून नेले.’

त्याने उठून दार लावून घेतलं.

“बाई, हे असं लिहू नका. ‘जुनी माणसं सांगतात’ असं लिहा. काम होईल.”

“कुठली जुनी माणसं? मीच ती.”

“हा वारसा स्थळाची नासधूस केल्याचा कबुलीजबाब होतो. चौकशी लागेल. वर्तमानपत्रवाले येतील. तुम्हाला राज्यपालांचं मानपत्र मिळालंय, सभागृहात फोटो आहे तुमचा. लोक काय म्हणतील?”

“फोटो काढून टाका. भिंत तरी रंगवून होईल.”

“आणि पुरावा काय? तीन दगड. उद्या कोणी म्हणेल, बाईंनी नदीतून आणले.”

“दगड मी एकटीने उचलले नव्हते, हेन्तोना.”

तो खिडकीकडे बघायला लागला. कानामागे लाल झाला. सहावीत खोटं बोलताना व्हायचा तसाच.

“चपटा मी आणि ओशिरोने उचलला होता,” तो शेवटी म्हणाला. “वाटेत माझ्या पायावर पडला. नख गेलं. तुम्ही शाबासकी म्हणून लिंबाचं सरबत दिलं होतंत.”

“मग खाली सही कर.”

“बाई, मी विभागप्रमुख आहे. माझीच योजना आहे ही.”

“म्हणूनच म्हणते.”

त्याने सही केली नाही. विचार करतो म्हणाला. मी म्हटलं, भागाकारालाही तू असाच विचार करायचास.

३१ जुलै, रविवार

कामादो वहिनी आल्या नाहीत. नऊ वाजेपर्यंत वाट पाहिली. शेजारीण म्हणाली, गुडघे सुजलेत, उठवत नाही.

मीच थोडा वेळ वाफ्यापाशी उभी राहिले. काय म्हणतात ते मला पाठ आहे. लहानपणी आत्याच्या पाठीवर ऐकलेलं. शाळा बंद आहे, कोणी नाही, बंदी कसली. तरी तोंड उघडलं नाही. आपल्याच लावलेल्या शिस्तीचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

६ ऑगस्ट, शनिवार

दोन दिवस वादळ. वीज नाही. लिली मुळासकट गेल्या, विटाही गेल्या. तीन दगड जागचे हलले नाहीत. वहिनींकडे भात आणि मिसोचं सार नेऊन दिलं. त्यांनी मीठ कमी आहे म्हटलं.

१० ऑगस्ट, बुधवार

मोरिवाकीला बोलावून वाफा दाखवला. चुन्याचे पापुद्रे त्याने नखाने काढले. मग दगड उलटे केले. खालच्या बाजूला काजळी, जाड, वर्षानुवर्षांची. तो कितीतरी वेळ उकिडवा बसून राहिला, अगदी वहिनी बसायच्या तिथे.

“डागाच्या मापाशी जुळवून बघावे लागतील,” तो म्हणाला. “पण बाई, हे कोणी इथे आणलं?”

मी सांगितलं.

त्याने फक्त टोपी काढली. त्याने चार शब्द सुनावले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

२९ ऑगस्ट, सोमवार

आज काय कोणाच्या हाती दिलं त्याची नोंद.

नगर कार्यालयाला, सकाळी नऊ वाजता: हरकत, चौदा पानं. कामादो वहिनींची साक्ष, अंगठ्यासह. माझा जबाब, एक पान, खाली माझी सही. हेन्तोनाने तो वाचला, खिशातून पेन काढलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची केली. स्वच्छता सप्ताहाचा करंडकही टेबलावर ठेवला. तो कुठल्या रकान्यात घालायचा ते कारकुनाला कळेना. पोचपावतीवर ‘इरी किल्ल्यासंबंधी’ असं छापलेलं होतं. मी ती घेतली नाही. हेन्तोनाने ‘किल्ला’ खोडून हाताने ‘गुसुकु’ लिहिलं, शिक्का मारला, मग घेतली. चौकशी होईपर्यंत काम बंद. चौकशी आवाराचीही आहे आणि माझीही. फोटो दुपारी उतरवला असं ऐकते.

आतल्या आवाराला, दुपारी: तीन दगड, मोरिवाकीच्या देखरेखीखाली. तेव्हा बारा मुलांनी हसतखेळत खाली आणले होते. आज चार पन्नाशीचे बाप्ये धापा टाकत वर घेऊन गेले. हेन्तोनाने चपटाच उचलला आणि सगळा वेळ पायाकडे बघत चालला. डागावर तिन्ही दगड बसले. वहिनींना ओशिरोने पाठुंगळीला घेतलं होतं.

कामादो वहिनींकडून मला, तिथेच: आत्याचं उदबत्तीचं भांडं, आतल्या राखेसह. ही राख ओतायची नाही, पुढची तिच्यावरच पडू द्यायची, असं बजावून.

“तुझी आत्या म्हणाली होती, फुमी येईपर्यंत धर,” वहिनी म्हणाल्या. “केवढा उशीर केलास गं! हात दुखले माझे.”

मग म्हणाल्या, “बोल आता.”

मी बोलले. बेटाच्या भाषेत, चार वाक्यं. तीन चुका झाल्या. वहिनींनी त्या दुरुस्त केल्या, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, मी वर्गात करायचे तशा. हेन्तोना हसला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

खाली आल्यावर, वहिनींच्या ओसरीत, आणखी एक वस्तू, जुन्या रुमालात गुंडाळलेली: लाकडी पाटी, दोरीसह. ‘मी बेटाची भाषा बोललो.’ अक्षर माझं, वळणदार. सेइतोकुची पाटी हरवली नव्हती. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालावी लागू नये म्हणून त्याने ती घरी लपवली होती. वय अकरा.

“ही तुझी,” वहिनी म्हणाल्या. “परत द्यायची राहिली होती.”

पाटी घरी आणली. आरशासमोर उभी राहून गळ्यात घालायला गेले. दोरी मुलांच्या मापाची आहे. माझ्या डोक्यावरून ती खाली उतरली नाही.